स्टेशनं मोजू नका, किलो मोजा

हायड्रोजनवर वाहनं चालवायची असं एकदा ठरलं की सगळ्यात आधी जाहीर होतो तो स्टेशनांचा आकडा. अमुक सालापर्यंत शंभर, तमुक सालापर्यंत पाचशे. हा आकडा सोयीचा असतो. नकाशावर टिंबं काढता येतात, फीत कापता येते, अनुदानाचा हिशेब एका वाक्यात संपतो. टिंब आहे म्हणजे तिथे गाडी भरून मिळते, असं सगळेच गृहीत धरतात आणि इथेच घोडं पेंड खातं.

सार्वजनिक पैसा स्टेशन उभं राहिलं म्हणून देऊ नये. नोझलमधून गाडीत गेलेल्या किलोंवर आणि स्टेशन भरायला तयार असलेल्या तासांवर द्यावा. हे किलो आधी शोधावेत ते रोज रात्री एकाच जागी परतणाऱ्या वाहनांकडे, म्हणजे बस डेपो, ट्रक टर्मिनल आणि बंदरांत. शहरभर विखुरलेली, कारसाठीची छोटी स्टेशनं काढत राहणं थांबवावं. हे म्हणणं हायड्रोजनच्या विरोधातलं वाटेल, पण यंत्रं कशी चालतात आणि कशी बिघडतात हे पाहिलं की दुसरा निष्कर्ष काढणं अवघड जातं.

अनुभव ताजा आहे. शेलने २०२२ मध्ये ब्रिटनमधली आपली हायड्रोजन स्टेशनं बंद केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातली कारसाठीची सगळी स्टेशनं कायमची बंद केली. कारण दिलं ते हायड्रोजनच्या पुरवठ्यातल्या अडचणींचं आणि बाजारातल्या इतर घटकांचं. जर्मनीतही कारसाठी बांधलेली जुनी, कमी वापराची स्टेशनं बंद होत आहेत आणि भर ट्रक-बसकडे वळतो आहे. ही हौशी माणसांची कामं नव्हती, पैसा आणि अभियंते दोन्ही होते.

मग अडलं कुठे? एक कार भरताना काय काय घडतं ते जवळून पाहू.

टाकी ७०० बारची (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब), पाच किलो गॅस मावणारी. चालक नोझल अडकवतो, खटका बसतो. डिस्पेन्सर, म्हणजे गॅस भरणारा पंप, पहिल्यांदा गॅसचा एक छोटा झटका सोडतो आणि थांबतो. टाकीत आधीचा दाब किती, जोड गळतो का, टाकी साधारण केवढी, हे त्याला यातून कळतं. नोझलवरच्या इन्फ्रारेड दुव्यातून गाडी आपल्या टाकीचा दाब आणि तापमान सांगत राहते. मग दाब ठरलेल्या गतीने चढू लागतो. गॅस कोंबला की टाकीतला गॅस तापतो आणि प्लास्टिकचं अस्तर व कार्बन फायबरचं वेष्टण असलेल्या टाकीला ८५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नसतं. भर म्हणजे हायड्रोजनचा स्वभाव उलटा आहे. नेहमीच्या तापमानाला बहुतेक वायू अरुंद व्हॉल्व्हमधून सुटले की गार होतात, हा किंचित तापतो. म्हणून तो नळीत जाण्याआधीच उणे ३३ ते उणे ४० अंशांपर्यंत गार करावा लागतो, आणि तोही भरणा सुरू झाल्यापासून पहिल्या ३० सेकंदांत. एसएई जे२६०१ या मानकात हे सगळं बांधून दिलेलं आहे. प्रवाहाची कमाल मर्यादा सेकंदाला ६० ग्रॅम. त्या हिशेबाने पाच किलो दीड मिनिटात गेले पाहिजेत, प्रत्यक्षात तीन ते पाच मिनिटं लागतात. दाब किती वेगाने चढवायचा, हे उष्णता ठरवते.

आता गॅस गार करणाऱ्या चिलरचा हिशेब करा. एक किलो हायड्रोजन २५ अंशांवरून उणे ४० पर्यंत आणायचा तर सुमारे ९३० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. प्रवाह ६० ग्रॅमवर गेला की एका नोझलमागे ही मागणी ५५ किलोवॉटच्या घरात जाते. तीन मिनिटांसाठी. त्यानंतर पुढची गाडी कदाचित दोन तासांनी येईल. तरीही उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा दिवसभर गार ठेवावाच लागतो, कारण ती गाडी कधी येईल ते माहीत नसतं. रिकामं स्टेशनही वीज खातं, आणि ती सगळी वीज दिवसात विकल्या गेलेल्या मोजक्या किलोंच्या माथी बसते.

भरणा संपला की व्हॉल्व्ह बंद होतात, नळीत अडकलेला गॅस उंच व्हेंट पाइपमधून हवेत सोडला जातो आणि मगच नोझल सुटतं. सुटलं तर! गाड्या एकामागून एक आल्या की नोझलचा धातू इतका गार पडतो की हवेतलं बाष्प त्याच्यावर गोठतं आणि नोझल गाडीच्या तोंडाला चिकटून बसतं. ओढायचं नाही, हलवायचं नाही, वितळेपर्यंत थांबायचं. दमट हवेत हा प्रकार सहज होऊ शकतो. उपाय साधा आहे. नोझलभोवती कोरडा नायट्रोजन फुंकत राहायचा आणि बदलायला दुसरं नोझल तयार ठेवायचं. पण स्टेशनची किंमत कापायची वेळ आली की अशाच गोष्टी आधी कापल्या जातात.

स्टेशनचा खरा जीव मात्र कॉम्प्रेसरमध्ये असतो. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमधून गॅस साधारण ३० बारला बाहेर पडतो. तो ७०० बारच्या गाडीत भरायचा तर साठ्याच्या टाक्यांत ९०० बारच्या वर न्यावा लागतो. यासाठी बऱ्याच ठिकाणी डायाफ्राम कॉम्प्रेसर वापरतात. धातूच्या तीन पातळ चकत्या एकावर एक, एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला गॅस. तेल चकत्यांना मिनिटाला शेकडो वेळा वाकवतं आणि त्या गॅसला दाबतात. मधल्या थरात दाब दिसला की समजायचं, कुठली तरी चकती तडकली, यंत्र थांबवा. या रचनेत तेल गॅसला लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. पण हे यंत्र एका लयीत चालण्यासाठी बनलेलं आहे. दिवसातून वीस वेळा थांबवून वीस वेळा सुरू केलं की दर वेळी तेलाचं तापमान, गॅसचं तापमान आणि दाब नव्याने जुळवावे लागतात. त्या गडबडीत चकती नको तिथे घासते. त्यात पाइपमधला धातूचा एखादा कण आला तर खड्डा पडतो आणि खड्ड्यातून तडा जातो. पिस्टनचा कॉम्प्रेसर घेतला तर चकत्या वाचतात, पण तेलाशिवाय चालणाऱ्या सील झिजतात आणि त्यांची भुकटी गॅसमध्ये उतरते. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

दिवसाला २०० किलो क्षमतेचं स्टेशन म्हणजे कागदावर चाळीस कार. आल्या सहा, तर विकले गेले तीस किलो. कॉम्प्रेसर दर गाडीनंतर थोडा वेळ चालून थांबतो, म्हणजे कमी काम करून जास्त झिजतो. बिघडला की सुटा भाग दूरच्या कारखान्यातून येईपर्यंत स्टेशन बंद. बंद स्टेशन पाहून सहातल्या दोन गाड्या दुसरीकडे जातात किंवा विकल्या जातात. उरलेल्या चारांसाठी तंत्रज्ञ ठेवणं परवडत नाही, मग पुढची दुरुस्ती आणखी लांबते. अशी मरायला टेकलेली स्टेशनं अनुदानाच्या कागदावर मात्र ‘कार्यान्वित’ असतात.

याउलट चाळीस बसचा डेपो घ्या. बस १०० किलोमीटरला साधारण नऊ किलो हायड्रोजन घेते. दिवसाला २८० किलोमीटर धरले तर प्रत्येकीला रात्री २५ किलो, म्हणजे एकूण एक टन. किती लागेल, कधी लागेल, हे आदल्या दिवशीच माहीत असतं. बसच्या टाक्या बहुधा ३५० बारच्या असतात. त्यामुळे ९०० बारचा खटाटोप टळतो आणि भरणा थोडा संथ ठेवला तर गार करण्याचा बोजाही बराच हलका होतो. सहा तासांत एक टन भरायचा म्हणजे ताशी सुमारे १७० किलो. त्यासाठी १७० किलोचा कॉम्प्रेसर घ्यायची गरज नाही. ताशी ६० किलोचा घेऊन तो सतरा तास एका लयीत चालवायचा. रात्रीच्या सहा तासांत तो ३६० किलो देईल, उरलेले ६४० किलो साठ्यातून.

साठ्याचा आकडा लिहिताना एक चूक सर्रास होते. टाकीतला सगळा गॅस वापरता येत नाही. टाकीचा दाब गाडीच्या दाबाखाली गेला की गॅस आपण होऊन वाहत नाही. म्हणून साठा कमी, मध्यम आणि जास्त दाबाच्या तीन गटांत विभागतात. गाडी आधी खालच्या गटातून भरायची, शेवटचा टप्पा वरच्या गटातून. तरीही ६४० किलो हाताशी हवेत तर टाक्यांत त्याच्या दुपटीहून जास्त ठेवायची तयारी असावी लागते. टेंडरमध्ये ‘साठवण क्षमता’ लिहितात आणि ‘वापरता येणारा साठा’ लिहायचं राहतं. पहिल्याच आठवड्यात पंचविसाव्या बसपाशी दाब संपतो आणि सगळे कॉम्प्रेसरला दोष देत बसतात.

गॅस येणार कुठून, हा पुढचा प्रश्न. जागेवरच बनवायचा तर एका किलोला सुमारे ५५ युनिट वीज, म्हणजे दिवसाला एक टनासाठी ५५ हजार युनिट. चोवीस तास २.३ मेगावॉटची जोडणी. बाहेरून आणायचा तर २०० बारच्या पोलादी नळकांड्यांच्या ट्रेलरमध्ये जेमतेम ३०० किलो बसतात. म्हणजे रोज तीन-चार ट्रेलर, आणि रिकामा झालेला ट्रेलर परत नेण्याची घाई वेगळी. कार्बन फायबरचं वेष्टण असलेल्या (कंपोझिट) टाक्यांचा ट्रेलर टनाच्या आसपास आणतो. द्रवरूपात उणे २५३ अंशांवर आणला तर एका टँकरमध्ये काही टन येतात, पण द्रव करायलाच किलोला दहा युनिटच्या वर वीज जाते आणि स्टेशन रिकामं राहिलं की द्रव उकळून उडत राहतो. तिथेही पुन्हा तेच, वापर नसेल तर नुकसान. शिवाय पुरवठा एकाच जागेवर टांगलेला असेल तर काय होतं, ते जून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराने दाखवलं. ट्रेलर भरायच्या एका केंद्रात स्फोट होऊन आग लागली आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातली धडधाकट स्टेशनं गॅसअभावी कोरडी पडली.

त्याच महिन्यात, १० जून २०१९ रोजी, नॉर्वेत ऑस्लोजवळच्या सँडविका इथलं स्टेशन फुटलं. चौकशीत निघालेलं कारण प्रत्येक स्टेशनच्या भिंतीवर लावून ठेवावं असं आहे. उच्च दाबाच्या साठ्यातल्या एका टाकीच्या प्लगची जोडणी चुकली होती, आतले बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. सुरुवातीला गळती बारीक होती. तिने सील कुरतडत नेलं, प्लग उचलला गेला, गॅसचा ढग बाहेर पडला आणि पेटला. पदार्थविज्ञानातलं गूढ काही नव्हतं, पाना किती फिरवला याची नोंद आणि ती तपासणारा दुसरा माणूस यांचा प्रश्न होता. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी पेट घेतो आणि ठिणगीला लागणारी ऊर्जा मिलिज्यूलच्या पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे कपड्यांच्या घर्षणातून उडणाऱ्या ठिणगीहूनही कमी. ज्वाला दिवसा दिसत नाही. त्याचा एकच गुण आपल्या बाजूचा: तो हवेच्या चौदापट हलका असल्याने वर पळतो. म्हणून छताखाली गॅस साचेल असा कोपरा ठेवायचा नाही, सेन्सर सगळ्यात उंच जागी लावायचे, आणि ज्वाला ओळखायला खास अतिनील-अवरक्त डोळे बसवायचे. हे सगळं मानकांत आहे. मानकांत नसतो तो रात्री दोन वाजता ते पाळणारा माणूस. दिवसाला तीस किलो विकणाऱ्या स्टेशनला तो परवडत नाही, टनभर विकणाऱ्या डेपोला परवडतो. सुरक्षेचा आणि वापराचा संबंध असा थेट आहे.

शुद्धतेचंही तसंच. आयएसओ १४६८७ प्रमाणे वाहनासाठी ९९.९७ टक्के हायड्रोजन लागतो. खरी अट मात्र उरलेल्या ०.०३ टक्क्यात काय आहे याची असते. नायट्रोजन दहा लाखांत ३०० भाग चालतो, कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.२ भाग आणि गंधक ०.००४. कारण हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या गाडीतल्या फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइड चिकटतो, हायड्रोजनची जागा अडवतो आणि गाडीची ताकद उतरते. शुद्ध हायड्रोजनवर तो बराचसा सुटतो, गंधक सहजी सुटत नाही. दुरुस्तीसाठी लाइन उघडली, नायट्रोजनने धुतली आणि घाईत सुरू केली की पहिल्या काही गाड्यांत काय जातं ते कुणालाच कळत नाही. म्हणून लाइन उघडल्यानंतर क्रम मोडायचा नसतो. नायट्रोजनने दाब चाचणी, हेलियम मिसळून गळतीची तपासणी, मग हायड्रोजनने अनेकदा धुणं, मग नोझलपाशी नमुना, आणि नमुना पास झाल्यावरच पहिली गाडी.

आता पैशाकडे येऊ. अनुदानाचा छोटा भाग स्टेशन सुरू झाल्यावर द्यावा, मोठा भाग पुढची सात-आठ वर्षं किलोप्रमाणे. ‘तयार’ या शब्दाची व्याख्या करारात हवी. पडद्यावर हिरवा दिवा लागला म्हणजे तयार नव्हे. वाहन ठरलेल्या वेळेत किमान ९५ टक्के भरलं तर स्टेशन तयार, ६० टक्क्यांवर थांबलं तर बंद. देखभालीचे तासही बंदमध्येच मोजायचे. नाही तर प्रत्येक बिघाडाला ‘नियोजित देखभाल’ असं नाव मिळतं. डिस्पेन्सरची नोंद थेट प्रसिद्ध व्हावी. १०० टक्के क्षमतेच्या एका कॉम्प्रेसरऐवजी ६० टक्क्यांचे दोन घ्यावेत, म्हणजे एक पडला तरी रात्र निभावते. चकत्यांचा एक संच, सील, नळी, नोझल आणि गाडी नळीसकट निघाली तर तुटून सुटणारा ब्रेकअवे जोड, एवढं जागेवरच्या कपाटात असलंच पाहिजे. मोजमापही तपासून घ्यावं. मीटर नळीच्या आधी असतो आणि नळीतला गॅस शेवटी हवेत सुटतो. तो ग्राहकाच्या बिलातून वजा केला नाही तर प्रत्येक भरण्यात थोडी थोडी फसवणूक होते आणि किलोवर अनुदान असेल तर सरकारचीही.

किलोवर पैसे द्यायचे तर कुठल्या किलोवर, हेही बांधावं लागेल. नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कोळशाची वीज वापरून इलेक्ट्रोलायझर चालवला तर युनिटला ०.८ किलो धरून ५५ युनिटांचे ४४ किलो होतात. अशा हायड्रोजनवर बसने १०० किलोमीटर कापले तर सुमारे ४०० किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच अंतराला ४० लिटर डिझेल जाळणारी बस ११० किलोच्या आत राहते. स्वच्छ वाहतुकीच्या नावाखाली डिझेलच्या जवळपास चौपट कार्बन डायऑक्साइड गावाबाहेर काढायचा, यासाठी सरकारी पैसा नको. वीज कुठली आणि कोणत्या तासाची, याचा पुरावा किलोच्या बिलाला जोडलेला असावा.

यावर नेहमीचा आक्षेप असा की स्टेशनं आधी नसतील तर गाड्या घेणार कोण? कोंबडी आधी की अंडं. खासगी कारच्या बाबतीत हे कोडं सुटत नाही, आणि सोडवत बसायची गरजही नाही. नोझलपर्यंत एक किलो यायला सगळं धरून ६० युनिट जातात, त्यातून फ्युएल सेल जेमतेम सतरा युनिट देतो. तीच वीज बॅटरीत घातली तर तिचा मोठा भाग चाकाला मिळतो. कारवाल्याला घरी किंवा कामावर चार्जिंगला वेळ असतो, त्याच्यासाठी निकाल लागला आहे. ज्यांना वेळ नाही, वजन परवडत नाही किंवा डेपोत एकदम चाळीस चार्जरची वीज मिळत नाही, त्यांच्यासाठी हायड्रोजनचा विचार व्हावा. तिथे कोंबडी आणि अंडं एकाच टेंडरमध्ये घेता येतं: बस आणि स्टेशन एकत्र, आणि बस उशिरा आल्या तर ठरलेल्या किलोंचे पैसे वाहतूक संस्थेने द्यायचे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. लांब पल्ल्याचा ट्रक डेपोत परत येत नाही, त्याला वाटेवर स्टेशन लागतं. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमात २०३० अखेर मुख्य महामार्गजाळ्यावर दर २०० किलोमीटरला एक स्टेशन मागितलं आहे, दिवसाला किमान एक टन क्षमतेचं. क्षमतेची अट शहाणपणाची आहे. अंतराची अट एकटी ठेवली तर मात्र ट्रक नसलेल्या रस्त्यावर टनभर क्षमतेचा चिलर रिकामा घुमत राहील. जिथे दोन्ही टोकांना डेपोची स्टेशनं आधीच टनभर गॅस खपवत आहेत, तिथेच मधलं स्टेशन आधी काढावं. तंत्रज्ञ आणि सुटे भाग एका टोकावरून दोन तासांत पोचतात, आणि मधलं बंद पडलं तरी ट्रक अडकत नाही.

राहता राहिली आधीच बांधलेली कारची स्टेशनं. काही बंद करावी लागतील आणि त्यात लाज नाही. कॉम्प्रेसर, चिलर, डिस्पेन्सर उचलून नेता येतात. उच्च दाबाच्या टाक्यांचं मात्र जपून. दाब वर-खाली होण्याच्या प्रत्येक फेरीने धातू थकतो, हायड्रोजनमध्ये जास्तच, म्हणून अशा टाकीला फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते. आतापर्यंत किती फेऱ्या झाल्या याची नोंद सापडत नसेल तर टाकी कितीही नवी दिसली तरी तिला पुढच्या जागी बसवू नये, भंगारात द्यावी.